चतुर पंडितांचा हिशेब

बारावीचे निकाल लागले की पुष्कळ मराठी घरांत एकच वाद सुरू होतो. आठ-दहा वर्षे गाणे शिकलेल्या, गळा तयार होत आलेल्या मुलाने किंवा मुलीने आता पुढे काय करायचे? गाण्यालाच वाहून घ्यायचे, की अभियांत्रिकी, वाणिज्य, कायदा अशी एखादी भरवशाची वाट धरून गाणे फावल्या वेळापुरते ठेवायचे? आई-वडिलांची काळजी खोटी नसते आणि मुलांची ओढही खोटी नसते. हा वाद आजचा वाटला तरी फार जुना आहे. हिंदुस्थानी संगीताच्या शिक्षणाला आजचे रूप देणारे पंडित विष्णू नारायण भातखंडे व्यवसायाने वकील होते, ही गोष्ट आता फारशी आठवली जात नाही. त्यांच्या चरित्राकडे या अंगाने पाहिले तर सोपा उपदेश हाती लागत नाही. पण कशाच्या बदल्यात काय मिळते आणि काय गमवावे लागते, याचा एक स्वच्छ हिशेब मात्र सापडतो.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. वडील एका धनिकाच्या पदरी नोकरीला होते. घर श्रीमंत नव्हते, पण संस्कारी होते. वडिलांना संगीताची आवड होती आणि मुलांच्या कानांवर चांगले सूर पडावेत याकडे त्यांचे लक्ष असे. शाळकरी वयात विष्णूला बासरीचा नाद लागला आणि पुढे वल्लभदास दामुलजी यांच्याकडे त्याने सतारीचे धडे घेतले.

मात्र आवड असणे आणि पेशा पत्करणे यांत त्या काळी मोठे अंतर होते. गाणे हा संस्थानिकांच्या आश्रयाने राहणाऱ्या उस्तादांचा, गवयांचा आणि कलावंतिणींचा व्यवसाय मानला जाई. पांढरपेशा कुटुंबातील मुलाने मैफल ऐकावी, फार तर घरी सतारीवर बोटे फिरवावीत. परंतु तंबोरा घेऊन बिदागीवर जगावे, ही कल्पना घरच्या वडीलधाऱ्यांना मानवणारी नव्हती. मैफलीत वाहवा मिळवणाऱ्या गवयाला समाजात बरोबरीचे स्थान मिळेलच, असे नव्हते. दुसरीकडे इंग्रजी शिक्षणाने नव्या वाटा खुल्या केल्या होत्या. मुंबई विद्यापीठ विष्णूच्या जन्माआधी अवघी तीन वर्षे, १८५७ मध्ये, स्थापन झाले होते. त्या विद्यापीठाची पदवी म्हणजे नोकरी, वकिली आणि प्रतिष्ठा यांचा परवाना होता.

विष्णूने दोन्ही धागे एकाच वेळी हाती धरले. पदवी मिळण्याच्या आधीच, १८८४ मध्ये, तो गायन उत्तेजक मंडळीचा सभासद झाला. कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये सुरू झालेल्या, पारशी रसिकांच्या या संस्थेत नामवंत गायक-वादकांचे येणे-जाणे असे आणि तालीमही मिळे. तेथे भातखंडे यांनी रावजीबुवा बेलबागकर, उस्ताद अली हुसेन यांच्यासारख्या जाणत्यांकडून धृपदे आणि ख्याल मिळवले. याच काळात १८८५ मध्ये ते बी. ए. झाले आणि १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. काही काळ कराचीत आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली.

या टप्प्यावर थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. सत्तावीस वर्षांच्या या तरुणाला गाण्याचे वेड होते, परंतु त्याने गाण्यासाठी कायद्यावर पाणी सोडले नाही. तसेच वकिलीचा जम बसवायचा म्हणून तंबोराही खुंटीला टांगला नाही. दिवसाचा वेळ पक्षकारांचा आणि उरलेला वेळ संगीताचा, अशी वाटणी पुढे अनेक वर्षे चालली. बाहेरून पाहणाऱ्याला हे दोन होड्यांवर पाय ठेवणेच वाटले असते. प्रत्यक्षात या वर्षांत दोन गोष्टी साठत गेल्या. एक म्हणजे पैसा, आणि दुसरी म्हणजे विचार करण्याची पद्धत.

पैशाचा लाभ उघड आहे. भातखंडे यांना कधीही बिदागीसाठी गावे लागले नाही, कोणा दरबाराची मर्जी सांभाळावी लागली नाही आणि शिष्यांकडून मोबदलाही घ्यावा लागला नाही. पद्धतीचा लाभ तितकाच मोठा होता, पण तो सहज दिसत नाही. वकिलाला साक्षी-पुरावे गोळा करावे लागतात, परस्परविरोधी जबान्या ताडून पाहाव्या लागतात आणि कायद्याचे पुस्तक व प्रत्यक्ष रूढी यांतील अंतर ओळखावे लागते. संगीतात त्या वेळी नेमका हाच गोंधळ होता. नाट्यशास्त्र, संगीतरत्नाकर अशा संस्कृत ग्रंथांचे नाव सगळे आदराने घेत. परंतु त्या ग्रंथांतील वर्णन आणि समोर बसलेल्या उस्तादाचे गाणे यांचा मेळ बसत नसे. एकाच नावाचा राग दोन घराण्यांत दोन तऱ्हांनी गायला जाई आणि दोघेही आपलाच प्रकार अस्सल असल्याचे सांगत. या दाव्यांची छाननी करण्याची गरज वकिलीत मुरलेल्या माणसाला जाणवावी, हे स्वाभाविक होते.

१८९६ मध्ये त्यांनी गुजरात आणि सौराष्ट्राचा प्रवास करून तेथील गायक-वादकांची माहिती मिळवली. तोवर संगीत हा त्यांचा फावल्या वेळचाच व्यासंग होता. त्यानंतर मात्र आयुष्याने कठोर वळण घेतले. १९०० मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि १९०३ मध्ये मुलगीही गेली. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या या माणसाचे घर रिकामे झाले. पुन्हा संसार मांडण्याऐवजी त्यांनी हळूहळू वकिलीतून अंग काढून घेतले आणि उरलेले सगळे आयुष्य संगीताच्या अभ्यासाला दिले. संगीताला वाहून घेण्याचा त्यांचा निर्णय अनेकदा त्यागाची कथा म्हणून सांगितला जातो. त्यामागे वैयक्तिक दुःख होते आणि ज्यांच्यासाठी कमवायचे ती माणसेच उरली नव्हती, हे सांगितल्याशिवाय ती कथा पुरी होत नाही. संसाराचा भार डोक्यावर असता तर त्यांनी हेच केले असते का, याचे उत्तर कोणी देऊ शकणार नाही.

१९०४ मध्ये ते दक्षिणेकडे निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा असा प्रवास करीत ते एट्टयपुरमला पोहोचले आणि तेथे सुब्बराम दीक्षितर यांना भेटले. दक्षिणेत त्यांना व्यंकटमखीच्या चतुर्दंडीप्रकाशिका या सतराव्या शतकातील ग्रंथाचा ठावठिकाणा लागला. त्या ग्रंथातील बहात्तर मेळांची मांडणी पाहिल्यावर, शेकडो रागांना मोजक्या चौकटींत बसवता येते, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली. १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयनगरम, कलकत्ता आणि १९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, उदयपूर असे आणखी दोन मोठे प्रवास झाले. गावोगावचे ग्रंथसंग्रह पाहणे, पंडितांशी चर्चा करणे, उस्तादांकडून गाणे ऐकणे आणि सारे टिपून ठेवणे, असा त्यांचा क्रम असे.

या खटाटोपाचे फळ १९१० पासून ग्रंथरूपाने बाहेर येऊ लागले. श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ त्यांनी चतुर पंडित या टोपणनावाने लिहिला. त्याच्या नावातील लक्ष्य या शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष व्यवहारात असलेले संगीत, असा आहे. जुन्या पोथीत काय लिहिले आहे यापेक्षा आज काय गायले जाते ते प्रमाण मानायचे, अशी त्यांची भूमिका होती. त्यानंतर हिंदुस्थानी संगीत पद्धती हा चार खंडांचा ग्रंथ मराठीत झाला. गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेल्या या ग्रंथाचा शेवटचा खंड १९३२ मध्ये आला. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी या दहा थाटांत त्यांनी रागांचे वर्गीकरण केले. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत अठराशेच्या आसपास चिजा स्वरलिपीसह छापल्या. त्यांतील शेवटचे भाग त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब आणि तारसाठी वर टिंब, ही त्यांची खुणांची पद्धत आज पणजीपासून इंदूरपर्यंत असंख्य विद्यार्थ्यांच्या वह्यांत दिसते. ती कोणी ठरवली, हे वही लिहिणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.

या कामाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चिजा हे उस्तादांचे भांडवल होते. त्यांना जमीनजुमला नव्हता, पदव्या नव्हत्या. पिढ्यान् पिढ्या जपलेली बंदिश हीच त्यांची मालमत्ता होती. मुलीच्या लग्नात जावयाला चिजा आंदण दिल्याच्या कथा गवयांच्या घराण्यांत सांगितल्या जातात, त्या उगीच नव्हेत. अशा माणसांसमोर एक सुखवस्तू वकील वही-पेन्सिल घेऊन बसे आणि ती मालमत्ता सर्वांसाठी छापून खुली करू पाहत असे. काहींनी त्यांना दाद दिली नाही, ते साहजिकच होते. काहींनी मात्र मनमोकळेपणाने दिले. जयपूरचे मनरंग परंपरेतील महंमद अली खाँ यांच्या घराण्याकडून शेकडो चिजा त्यांना मिळाल्या. रामपूर दरबारातूनही त्यांनी जुनी धृपदे मिळवली आणि त्यासाठी रीतसर शागिर्दी पत्करली.

परंपरेने आलेल्या गायकांना शास्त्र समजत नाही, असा भातखंडे यांचा ग्रह होता आणि तो त्यांच्या लेखनात वारंवार डोकावतो. त्यांच्या दहा थाटांवर पुढे पुष्कळ टीका झाली. कित्येक राग त्या चौकटीत नीट बसत नाहीत, हे गाणाऱ्यांना ठाऊक आहे. संगीत सर्वांना खुले करताना ज्यांनी ते जपले त्यांची पत कमी झाली, असाही आक्षेप आज अभ्यासक घेतात. त्यात तथ्य आहे. ज्याची रोजीरोटी गाण्यावर नाही, तो गाण्याकडे तटस्थपणे पाहू शकतो. पण त्यामुळेच ज्याची रोजीरोटी गाण्यावर आहे, त्याची भीती त्याला पुरती उमगतेच असे नाही. भातखंडे यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

त्यांच्याच काळात दुसऱ्या एका विष्णूने अगदी उलट वाटेने प्रवास केला. विष्णू दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडला झाला. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचे शिक्षण अशक्य झाले. त्यामुळे मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकणे, हीच त्यांच्यापुढची वाट उरली. त्यांना निवड करण्याची मुभाच नव्हती. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईत शाखा उघडली आणि जाहीर जलशांतून, वर्गण्यांतून, कर्ज काढून ते विद्यालय चालवले. गवयाला समाजात ताठ मानेने वावरता यावे म्हणून त्यांच्याइतके कोणी झटले नसेल. पण कर्जाचा डोंगर वाढत गेला आणि मुंबईतील इमारत अखेर लिलावात गेली. १९३१ मध्ये मिरजेत त्यांचे निधन झाले.

या दोघांची मते जुळली नाहीत, पद्धतीही जुळल्या नाहीत. तरी दोघांची चरित्रे शेजारी ठेवली की भरवशाच्या व्यवसायाचे मोल काय असते ते लख्ख दिसते. एकाच्या पाठीशी कायद्याची पदवी आणि शिल्लक होती, तेव्हा तो घाई न करता वीस-वीस वर्षे एकेका ग्रंथावर काम करू शकला. दुसऱ्याच्या पाठीशी फक्त गळा आणि जिद्द होती, तेव्हा त्याला रोजच्या खर्चाची तोंडमिळवणी करत उभे राहावे लागले. मात्र ज्या शिष्यांनी पुढे मैफली गाजवल्या, ते पलुसकरांच्या विद्यालयातून आले. ओंकारनाथ ठाकूर आणि विनायकराव पटवर्धन ही नावे पुरेशी आहेत. स्वतः भातखंडे मैफलीचे गायक कधीच झाले नाहीत. ज्या वयात गळ्यावर रोज तासन् तास मेहनत घ्यायची, त्या वयात ते दावे लढवत होते. भरवशाच्या वाटेने त्यांना खूप काही दिले, पण रंगमंच दिला नाही. या हिशेबातील ही सर्वांत मोठी वजाबाकी आहे.

भातखंडे यांना ती जाणवली असावी, असे त्यांच्या पुढील कामावरून वाटते. संगीत शिकणाऱ्याला वकिलीचा आधार घ्यावा लागू नये, संगीत हाच शिक्षणाचा एक मान्यताप्राप्त विषय व्हावा, या दिशेने त्यांनी आयुष्याची शेवटची वीस वर्षे खर्च केली. त्यातील पहिले मोठे पाऊल वडोदऱ्यात पडले. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली मौलाबक्ष यांनी १८८६ मध्येच तेथे संगीतशाळा सुरू केली होती. त्याच शहरात १९१६ मध्ये भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. घराण्याघराण्यांचे उस्ताद आणि ग्रंथांचे अभ्यासक एका मंडपात बसून रागांच्या रूपांवर चर्चा करीत आहेत, हे दृश्य तोवर कोणी पाहिले नव्हते. पुढे दिल्ली, बनारस आणि लखनौ येथेही परिषदा झाल्या.

ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांनी त्यांच्या योजनेत रस घेतला. दरबारातील निवडक गायकांना मुंबईला पाठवून त्यांना भातखंडे यांच्या हाताखाली नव्या पद्धतीचे शिक्षण दिले गेले आणि १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले. त्या गायकांत राजाभैया पूछवाले होते. पिढीजात तालीम आणि लेखी पद्धत यांचा सांधा जुळू शकतो, हे त्यांनी पुढे अध्यापनातून दाखवले. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले. तेथे वर्ग होते, अभ्यासक्रम होता, परीक्षा होत्या आणि शिक्षकाला पगार होता. या चार गोष्टींतील शेवटची सर्वांत महत्त्वाची. संस्थानिकाच्या लहरीवर किंवा यजमानाच्या बिदागीवर न जगता, महिन्याच्या महिन्याला वेतन घेऊन गाणे शिकवणारा संगीतशिक्षक हा नवा व्यावसायिक अशा विद्यालयांनी घडवला.

त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर हे या नव्या व्यवस्थेचे उत्तम उदाहरण होते. भातखंडे यांच्याकडे शास्त्र आणि चिजा, वडोदऱ्याच्या शिष्यवृत्तीवर उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे गायकी, आणि त्या जोडीला मुंबई विद्यापीठाची बी. ए., असे त्यांचे तिहेरी शिक्षण झाले. पुढे त्यांनी मॅरिस कॉलेजचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले आणि खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरूपदही भूषवले. संगीताचा माणूस कुलगुरू होऊ शकतो, ही गोष्ट भातखंडे यांच्या तरुणपणी कोणाच्या स्वप्नातही नसेल.

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढची तीन वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. १९६६ मध्ये मॅरिस कॉलेजला त्यांचे नाव देण्यात आले आणि आता ती संस्था विद्यापीठ झाली आहे.

मग निकालानंतरच्या त्या घरगुती वादाचे काय? भातखंडे यांचे उदाहरण देऊन आधी पदवी घे, गाणे नंतर पाहू, असे मुलांना सांगणे सोपे आहे. परंतु ते अर्धेच सत्य आहे. वकिली करतानाही त्यांनी संगीत नंतरसाठी ठेवले नव्हते. पदवीच्या वर्षांतही त्यांची तालीम चालूच होती. आणि मैफलीचा गायक व्हायचे असेल तर त्यांची वाट उपयोगाची नाही, हेही त्यांच्याच आयुष्याने दाखवले. गळ्याची वर्षे परत येत नाहीत. ज्याला गायचेच आहे त्याला लवकर आणि पूर्ण झोकून द्यावे लागते, त्यातील धोक्यासकट. ज्याला संगीत समजून घ्यायचे आहे, शिकवायचे आहे, त्याविषयी लिहायचे आहे, त्याला दुसऱ्या विषयाची शिस्त अडचण ठरत नाही. पुष्कळदा मदतच करते. म्हणून घरात आधी ठरवायचे ते एवढेच, की मुलाला संगीतात नेमके काय व्हायचे आहे.

आज वडोदऱ्यात, ग्वाल्हेरला किंवा लखनौला संगीताच्या पदवीसाठी अर्ज भरता येतो. पदवीने नोकरी मिळेलच असे नाही आणि गायक घडेलच असेही नाही. तरीही गाणे आणि शिक्षण या दोन शब्दांमध्ये पूर्वी असलेला अथवा हा शब्द त्या अर्जावर राहिलेला नाही. तो खोडण्यासाठी एका वकिलाने आपली सगळी शिल्लक आणि उरलेले सगळे आयुष्य खर्ची घातले होते.